पहिला नंबर ओढ्याचा

मैत्री तेलगोटेला मी पहिल्याच भेटीत आडनाव दोनदा विचारलं. एकदा ऐकू आलं नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा ऐकू आलं म्हणून.

आपल्याकडे या प्रश्नात काय दडलेलं असतं ते मी सांगायला नको. मी पुण्याची. नाव, आडनाव, गाव, एवढ्या तीन पायऱ्यांत माणूस कुठल्या खान्यात ठेवायचा ते आमच्याकडे चहाला उकळी फुटायच्या आत ठरतं. ती आमच्या जर्मनीतल्या, वोल्फ्सबुर्गच्या घरातली वरची खोली भाड्याने बघायला आली होती. तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "तेलगोटे. जिल्हा अकोला. आम्ही बौद्ध. वडील इरिगेशनमध्ये पाटकरी होते. अजून काही विचारायचंय?"

विचारायला काही उरलंच नव्हतं. मला राग आला. तो तिचा नव्हता, माझाच मला आला होता, हे कळायला पुढे बराच काळ गेला. खोली मात्र मी दिली, कारण माझा नवरा दिनकर आतून ओरडला, "सुलेखा, मुलाखत संपली असेल तर तिला किल्ली दे."

आमच्या गावात मराठी माणूस म्हटला की तो गाड्यांच्या कारखान्यात, नाहीतर त्या कारखान्याच्या कॉम्प्युटरांपाशी. मैत्री पाण्यात होती. ब्राउनश्वाइगला भूजलावर डॉक्टरेट करून ती गावाच्या उत्तरेला, वेन्डेनराडे नावाच्या खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या पाणी संघटनेत लागली होती, तेही दोन वर्षांच्या करारावर. एकोणीस शेतकरी, बहुतेकांचे बटाटे, काहींचं बीट. वाळूची जमीन, पाणी घातलं की लगेच खाली जातं, हातात काही उरत नाही. हिवाळ्याचं जास्तीचं पाणी त्यांनी एका मोठ्या तळ्यात धरायचं, त्यातलं थोडं जमिनीत मुरवायचं आणि उन्हाळ्यात सहा किलोमीटर लांब नळातून शेतांना द्यायचं. नळाच्या अगदी शेवटच्या टोकाला मूरबेके. बेके म्हणजे तिकडच्या बोलीत ओढा. मी बाई मराठीतच सांगते, ओढा.

आता मला हे सगळं कसं ठाऊक, तर मैत्री ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. वेन्डेनराडेला दिवसाला तीन बस, त्यातली एक शाळेची. म्हणून आठवड्यातून दोनदा मी तिची सारथी. आधी उपकार म्हणून गेले, मग सवय म्हणून, आणि शेवटी शेवटी मला न नेता गेली तर मी फुगून बसायचे.

गाडीत ती वडिलांबद्दल बोलायची. राजानंद तेलगोटे, एकतीस वर्षं एका धरणाच्या कालव्यावर पाटकरी. सायकल, गेटच्या चाव्यांचा जुडगा आणि खिशात शेजपाळीचा कागद: कुणाच्या शेताला कुठल्या वारी किती तास पाणी. स्वतःची गुंठाभर जमीन नाही. "म्हणूनच तर बाबांवर लोकांचा भरवसा होता," ती म्हणायची. "ज्याचं शेत नाही तो पाणी कुणाकडे वळवणार?" भरवसा होता, पण ज्या वाड्याच्या उसाला ते पाणी सोडत त्याच्या ओसरीवर त्यांना प्यायचं पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. हे तिने एकदाच सांगितलं, गिअर बदलावा तसं, आणि पुढच्या वाक्यात बटाट्यांवर आली.

वेन्डेनराडेला खरी अडचण अशी की लागोपाठ दोन उन्हाळे ओढा कोरडा पडला होता. मासे मेले, पेपरात फोटो आले. जिल्ह्याच्या पाणी कार्यालयाने सांगितलं: तुमचा पाण्याचा परवाना संपतोय. पुढची दहा वर्षं हवा असेल तर एकोणीसच्या एकोणीस जणांनी सही केलेला एकच आराखडा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आणा. शिवाय येत्या ऑगस्टमध्ये पुलाखालच्या मोजपट्टीवर पाणी लाल रेघेच्या खाली एकदाही जाता कामा नये. गेलं, तर प्रत्येकाचा हिस्सा एकतृतीयांशाने कमी.

मैत्रीचा आराखडा साधा होता. तिने ते पाणी बँकेत ठेवल्यासारखं ठरवलं. प्रत्येकाच्या नावाचा वर्षाचा हिस्सा. पावसाळी वर्षात जो कमी वापरेल त्याचं उरलेलं पाणी त्याच्या नावावर जमा, तीन वर्षांत कधीही काढा. प्रत्येक जमेतला दहावा भाग ओढ्याच्या नावावर. मी तिला म्हटलं, "अगं, ही तर पाण्याची भिशी झाली." ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. आणि भिशीत भांडण कशावरून होतं, ताई?"

भिशी मी अकरा वर्षं चालवतेय. भांडण एकाच गोष्टीवरून होतं: पहिला नंबर कुणाचा.

वेन्डेनराडेत पहिला नंबर कायम वरच्यांचा होता. तळ्याला लागून ब्रँडेस नावाच्या साठीतल्या शेतकऱ्याचं शेत. उंच, लाल कानांचा, कमी बोलणारा माणूस. तो पहिला पंप लावायचा, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या. टोकाला फ्राऊ टीमान (तिकडे बाईला फ्राऊ म्हणतात आणि पुरुषाला हेर), एकटी विधवा, आठ हेक्टर बटाटे. तिच्यापर्यंत येईतो नळाचा दाब एवढा उतरायचा की तिचा फवारा झाडांच्या गुडघ्यापर्यंतही चढत नसे. तिच्या पलीकडे ओढा. त्याला तर तोंडच नाही तक्रार करायला.

ऑक्टोबरात सभा बोलावली. मैत्रीने निमंत्रणाबरोबर सभासदांची यादी पाठवली, हजेरीसाठी, दुसऱ्या कशासाठी नाही. सभा फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सात वाजता. मी मागच्या बाकावर बटाटेवड्यांचा डबा घेऊन. त्यांचेच बटाटे, म्हटलं बघू देत त्यांचं काय काय होऊ शकतं.

सभा सुरू व्हायच्या आत ब्रँडेस उभा राहिला. हातात ती यादी.

"फ्राऊ तेलगोटे, हा कागद उलटा छापलाय का?"

मैत्रीने बघितलं. मी मागून बघितलं. यादीत एक नंबरला ओढा. दोन नंबरला फ्राऊ टीमान. आणि यादीच्या शेवटी, विसाव्या नंबरला, ब्रँडेस. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "ओढा आता सभासद झाला? मग तो वर्गणी कधी भरणार?" हशा पिकला. पण ब्रँडेस हसला नाही. "मला साधं सांगा. हा पाण्याचा क्रम ठरवून आम्हाला नुसता कळवलाय का?"

मैत्री पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्यापाशी आली. चेहरा उतरलेला. "सुलेखाताई, माझ्या लक्षातच आलं नाही. मी यादी टेलकडून लिहिली, ओढ्याचंही खातं धरून."

"म्हणजे?"

"बाबांच्या शेजपाळीच्या कागदावर टेलचा शेतकरी एक नंबरला असतो. आमच्याकडे पाण्याची यादी शेवटाकडूनच लिहितात. हात आपोआप तसाच चालला."

"मग सांग ना चूक झाली म्हणून," मी म्हटलं. माझा स्वभावच तो. चूक झाली म्हणायचं आणि वडे वाटायचे.

तिने ग्लास खाली ठेवला. पुढे जाईपर्यंत तिचं काय ठरलं कुणास ठाऊक. खुर्चीवर न बसता ती म्हणाली, "हेर ब्रँडेस, ही यादी मी हजेरीसाठी पाठवली होती. क्रम चुकून तसा आला. पण आता तुम्ही विचारलंच आहे, तर माझं मत सांगते. पाण्याचा क्रम हाच असायला हवा."

मग तिने त्या एकोणीस जणांना अकोल्याचा कालवा सांगितला. चित्र नाही, आकडे नाहीत. वरच्याला आधी पाणी दिलं, की तो वेळ संपला तरी गेट थोडं उघडंच ठेवतो. त्याला घाई कसली? त्याचं तर झालंय. मधला फटीतून चोरतो. खालच्याला उरलंसुरलं. उलट खालून सुरुवात केली की वरच्याची पाळी शेवटी येते. मग मधे कुणी दहा मिनिटं जास्त घेतली तर नुकसान वरच्याचं. "मग वरचा माणूसच सगळ्या नळावर डोळा ठेवतो," ती म्हणाली. "वेगळा पहारेकरी नेमायला नको. वरच्याला शेवटी ठेवलं की तोच पहारेकरी."

हॉल गप्प झाला. जर्मन माणसं पटलं की गप्प होतात, न पटलं तरी गप्प होतात. मला सतरा वर्षांत फरक कळलेला नाही. ब्रँडेसचे कान आणखी लाल झाले. "आणि व्हॉल्व्हच्या चाव्या कुणाकडे? मी म्हणेन टीमान लबाड, टीमान म्हणेल मी लबाड."

फ्राऊ टीमान पहिल्यांदा बोलली. आवाज बारीक, पण हॉलच्या टोकापर्यंत गेला. "जिच्याकडे शेत नाही तिच्याकडे."

सगळे मैत्रीकडे बघायला लागले. तिला हसू आलं. "हे काम माझ्या बाबांचं होतं."

"त्या कामाला काय म्हणतात?" इतिवृत्त लिहिणाऱ्याने विचारलं. जर्मन माणसाला कामाचं नाव कळल्याशिवाय कामच सुरू करता येत नाही.

"पाटकरी."

त्याने तिच्याकडून अक्षरं विचारून विचारून लिहून घेतलं. घरी येताना गाडीत आम्ही दोघी कितीतरी वेळ हसत होतो. ती म्हणाली, "बाबांना आत्ता सांगायचं नाही. त्यांना वाटेल मी नोकरी घालवली."

त्या संध्याकाळी अठरा सह्या झाल्या. ब्रँडेसची नाही. तीन आठवडे तो नाही म्हणत राहिला. मैत्री त्याच्याबरोबर तो सहा किलोमीटरचा नळ पायी चालली, प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबून, आणि वरचे सगळे पंप चालू ठेवून टीमानच्या शेतात त्याला उभं केलं नि तिचा फवारा सोडला. पाणी गुडघ्यापर्यंतही चढलं नाही. चाळीस वर्षं एकाच नळावर असून ब्रँडेसने ते कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी त्याने सही केली. सही करताना म्हणाला, "माझी पाळी एक तास जरी उशिरा आली, तर मी बाहेर."

इथे एक सांगून टाकते. आमच्या मराठी मंडळात मी ही गोष्ट रंगात येऊन सांगत होते, आणि "आता सगळा प्रश्न ब्रँडेसच्या पाळीचा आहे" असं मोठ्याने म्हणाले, तेव्हा दोन बायकांनी मुलांना बाहेर पाठवलं.

हिवाळा चांगला गेला, तळं काठोकाठ भरलं. एप्रिलपासून मात्र आभाळाने पाठ फिरवली. जूनमध्ये थोडं शिंतडलं, जुलै कोरडा, ऑगस्ट त्याहून कोरडा. वीस पाळ्या, प्रत्येकाला चौदा तास, पूर्ण फेरा जवळजवळ बारा दिवसांचा. मैत्री चाव्यांचा जुडगा कमरेला लावून फिरायची. तिसऱ्या खेपेला ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाली होती, पण नळाच्या कडेने गाडी जात नाही, म्हणून सायकलवर. बापाची लेक, दुसरं काय.

पहिल्या फेऱ्यात टीमानचा फवारा उंच उडाला. ती बांधावर उभी राहून बघत होती, भिजत होती आणि हलत नव्हती. दुसऱ्या फेऱ्यात दाब अचानक कमी झाला. मैत्री शोधायला निघायच्या आत ब्रँडेसचा फोन: अकरा नंबरचा व्हॉल्व्ह कुणीतरी अर्धा उघडा ठेवलाय, मी बंद करून घेतलाय, तुम्ही येऊन कुलूप लावा. पहाटे पाचला तो सायकलवरून सगळा नळ तपासून आला होता. त्याची पाळी अजून पाच दिवसांवर होती ना. हे मला सांगून मैत्री म्हणाली, "ताई, बाबा बरोबर होते. शब्दन् शब्द बरोबर."

पण खरी परीक्षा सव्वीस ऑगस्टला आली. पुलाखाली पाणी लाल रेघेच्या वर बोटभर उरलं होतं. नियम असा की रेघ जवळ आली की ओढ्याला मधेच पाळी द्यायची, त्याच्या जमेतून. मैत्रीने वही उघडली. ओढ्याची जमा शून्य. दोन वेळा जादा देऊन झालं होतं. महिना संपायला पाच दिवस, आणि पुढची पाळी ब्रँडेसची. बारा दिवस तो वाट बघत होता. त्याच्या बटाट्यांच्या पानांनी माना टाकल्या होत्या.

त्या दिवशी मी बरोबर होते. मैत्री त्याच्या अंगणात गेली, वही हातात. मी गाडीपाशी थांबले, पण ऐकू सगळं येत होतं.

"हेर ब्रँडेस, पाळी तुमची आहे. चावी घेऊन आलेय. हक्क तुमचा आहे, तुम्ही म्हणाल तर आत्ता उघडते." तिने वही पुढे केली. "पण ओढ्याची जमा संपलीय. तुमच्या नावावर मागच्या हिवाळ्यातलं बरंच शिल्लक आहे. ओढ्याला उसनं देणार का? दोन दिवसांचं. तेवढे दिवस तुमची पाळी पुढे जाईल."

नाही म्हणाला असता, तर त्याचं काही चुकलं नसतं. कागद त्याच्या बाजूने होता. आणि रेघ ओलांडली असती तर एकोणीस घरांचं एकतृतीयांश पाणी गेलं असतं, आणि ही पोरगी वर्षभर सायकल दामटत होती ते सगळं मातीत.

ब्रँडेसने एकदा शेताकडे पाहिलं. मग म्हणाला, "आल्झो, ठीक आहे. चाळीस वर्षं सगळ्यांच्या आधी घेतलं मी. दोन दिवसांनी मरणार नाही." आणि आत जाता जाता वळून, "पण वहीत लिहा. ओढा मला दोन दिवस देणं लागतो. पावसाळी वर्षात वसूल करणार."

मैत्रीने तिथेच उभं राहून लिहिलं. मी गाडीपाशी उभी राहून रडले, आणि रडले हे दिनकरला आजच कळेल.

एकतीस ऑगस्टला कार्यालयाची बाई आली, पुलाखाली उतरली, मोजलं. लाल रेघेच्या वर दोन बोटं. एकदाही पाणी खाली गेलं नाही. दहा वर्षांचा परवाना ऑक्टोबरात आला, आणि त्याच महिन्यात मैत्रीचे वडीलही आले.

राजानंदकाका अंगाने बारीक, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दारात हात जोडून "जयभीम ताई" म्हणाले. मीही जयभीम म्हटलं. एवढं साधं होतं ते, आणि मला इतकी वर्षं जमलं नव्हतं. दिनकरने विचारलं, "काका, आपण कुठे होता नोकरीला?" ते म्हणाले, "इरिगेशन खात्यात होतो." बस, तेवढंच. मैत्री माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाबा सगळीकडे असंच सांगतात. पाटकरी म्हणत नाहीत."

परवान्याची सभा त्याच हॉलमध्ये. काका दारापाशी, कोट टांगतात तिथल्या बाकावर जाऊन बसले. पुढे चला म्हटलं, तर म्हणाले, "इथं बरं आहे. पोरीचं काम आहे, आपण कायले मधात." मी त्यांच्या शेजारी. इतिवृत्तवाला संघटनेचे नवे नियम वाचत होता, आणि सातव्या कलमाला त्याने गंभीर आवाजात वाचलं की व्हॉल्व्हच्या चाव्या, पाळ्यांची वही आणि अंतिम निर्णय पाटकरीकडे राहील, आणि पाटकरीच्या मालकीचं शेत असता कामा नये. जर्मन उच्चारात तो शब्द जरा वाकडा झाला होता, पण ओळखू येत होता. काका ताठ झाले. "काय म्हणाला तो?" मी सांगितलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

मग पेयांची फेरी. तिथला रिवाज असा की सभेतली पहिली फेरी ब्रँडेस स्वतःच्या हाताने वाटतो, आणि कायम पुढच्या टेबलापासून. त्या दिवशी तो ट्रे घेऊन उठला, पुढची सगळी टेबलं ओलांडली आणि हॉलच्या शेवटी दारापाशी आला. काका बिअर घेत नाहीत हे मैत्रीने सांगितलं असावं, कारण ट्रेवर पाण्याचा जगही होता. त्याने ग्लास भरला आणि काकांच्या पुढे धरला. पुढच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "आमचं काय?" ब्रँडेस मागे न बघता म्हणाला, "टोकाकडून. नेहमीसारखं."

काकांनी ग्लास दोन्ही हातांनी घेतला. मैत्री जागच्या जागी उभी होती, वही छातीशी धरून.

ब्रँडेसने त्यांना विचारलं, तुम्हीही पाण्याचंच काम करायचात का? मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण काकांना प्रश्न हातवाऱ्यांवरूनच कळला होता. ते उभे राहिले, ग्लास तसाच हातात, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाटकरी. एकतीस वर्षं."

पहिला शब्द हॉलमध्ये सगळ्यांना येत होता. फ्राऊ टीमानने आधी मूठ वळून बोटांनी टेबलावर ठोकलं, मग शेजारच्याने, मग अख्ख्या हॉलने. ठक ठक ठक ठक. काका बावरले. "हे काय चाललंय?"

मैत्री पुढून म्हणाली, "बाबा, ही इथली टाळी. तुमच्यासाठी."

त्यांनी ग्लासातलं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग रिकामा ग्लास बाकावर ठेवला, वाकले, आणि त्या बाकावर आपणही बोटांनी टकटक केली, पोरीकडे बघून.